पळणारी गाडी, दुखणारी कंबर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये परवा टेबलावर जुना ‘तरुण भारत’ पसरून त्यावर एक शॉकअप उघडून ठेवला होता. शॉक ॲब्झॉर्बर असा पूर्ण उच्चार आपल्याकडे फक्त परीक्षेत होतो, गॅरेजात तो शॉकअपच. दांडा एकीकडे, पिस्टन एकीकडे आणि मधोमध पोलादाच्या पातळ गोल चकत्यांची रांग, मोठीपासून लहानपर्यंत. जुन्या पावलीएवढ्या आकाराच्या, जाडी ०.१५ मिलिमीटर. शेडचे मालक हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हची कामं करतात. गाड्यांशी त्यांचा संबंध नाही, केवळ ओळखीखातर त्यांनी हा उघडला होता. त्यांचा फिटर एक चकती बोटावर वाकवून दाखवत म्हणाला, “साहेब, तेल कुठनं जातंय त्येवर सगळं हाय. ह्यो पत्ता जाड घातला की गाडी दगडागत.”

शॉकअप ज्या गाडीचा होता ती एका परिचितांची. फाउंड्री चालवणारे गृहस्थ, पन्नाशीत हौस म्हणून पुण्याहून जुनी, दोन दारांची, साडेतीनशे अश्वशक्तीची जर्मन गाडी घेऊन आले. पहिल्या रविवारी आईला घेऊन निपाणीला निघाले. हट्टरगीच्या टोलनाक्याआधीचे पट्टे ओलांडले तेवढ्यात मातोश्री म्हणाल्या, “ह्यापेक्षा दुधाचा टेम्पो बरा की रे.” परतीच्या प्रवासात त्या भावाच्या अल्टोतून आल्या. बेळगाव ते निपाणी अंतर जेमतेम पाऊणशे किलोमीटर, तेही बहुतांश राष्ट्रीय महामार्गावरून. म्हणजे रस्त्याला सगळा दोष देता येणार नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. वेगासाठी बांधलेली गाडी रोज चालवण्याजोगी, मागे बसणाऱ्याच्याही कंबरेला सोसणारी करता येते का? आणि येत असेल तर ते काम नेमकं कुठून सुरू करायचं? आपल्या भागात याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘स्प्रिंग मऊ टाका’. ते चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे हे समजायला उद्यमबागेसारखी दुसरी जागा नाही.

आधी आपल्या मुलखात अशा गाड्या होत्या तरी कोणत्या, ते पाहू. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी तयार झाली. फायबरचं अंग, रेनोचं १.२ लिटरच्या आतलं इंजिन, ताकद साठ अश्वशक्तीच्या घरात. ती दिसायला स्पोर्ट्स कार होती, पळायला नव्हे. दिलीप छाब्रियांची ‘डीसी अवंती’ २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत आली. तिचं इंजिन रेनोचं दोन लिटरचं टर्बो, २५० अश्वशक्तीचं, आणि बैठक जमिनीलगत असूनही पोट आपल्या रस्त्यांचा विचार करून बऱ्यापैकी वर ठेवलेलं. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातून २०१५ साली निघालेली ‘अबार्थ पुंटो’ मात्र खरीखुरी होती: साध्या पुंटोचं अंग, १.४ लिटरचं टर्बो, १४५ अश्वशक्ती, खाली बसवलेलं सस्पेन्शन. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१७ मध्ये स्कोडाची २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस जोडली जाऊ लागली. मर्सिडीजने २०२० मध्ये चाकणला एएमजी बिल्ल्याची जीएलसी ४३ कूपे जोडायला घेतली, ती भारतात जोडलेली पहिली एएमजी. टाटांनी तर २०१७ च्या जिनिव्हा प्रदर्शनात ‘टामो रेसमो’ ही सुरेख दोन आसनी गाडी दाखवली आणि नंतर ती गुंडाळून ठेवली. या यादीतल्या बऱ्याच गाड्या आता जुन्या बाजारात आहेत. हौसेने घेतलेल्या अशा गाड्या आपल्याकडे येतात त्या बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताने, पुण्या-मुंबईहून. कंबरदुखीचं अर्धं कारण इथेच आहे, पण त्याकडे नंतर वळू.

आराम म्हणजे काय, याची मोजदाद होते. गाडी स्प्रिंगांवर झुलते. आपल्याच वजनाने ती स्प्रिंगवर किती दबून बसली आहे त्यावरून सेकंदाला किती वेळा झुलेल ते निघतं. स्प्रिंग पंचवीस सेंटीमीटर दबली असेल तर सेकंदाला एकदा, अकरा सेंटीमीटर दबली असेल तर दीड वेळा, सहाच सेंटीमीटर दबली असेल तर दोनदा. घरगुती गाडी एक ते दीडच्या दरम्यान असते, स्पोर्ट्स कार दीड ते दोनच्या, आणि शर्यतीची त्याच्याही पुढे. आपण चालतो तेव्हा साधारण सेकंदाला दोन पावलं पडतात, म्हणून या पट्ट्यातलं झुलणं अंगाला ओळखीचं वाटतं. त्रास देतात ते सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे उभे हादरे. माणसाच्या धडाला आणि पोटातल्या अवयवांना तेच सगळ्यात जास्त जाणवतात, आणि शरीराला बसणाऱ्या कंपनांची मोजणी करणारं आंतरराष्ट्रीय मानकही याच पट्ट्याला सर्वाधिक महत्त्व देतं. याउलट सेकंदाला अर्ध्या झोक्याहूनही कमी असं सावकाश डोलणं माणसाला ओकारी आणतं. आंबोलीच्या घाटात मऊ स्प्रिंगांच्या मोठ्या गाडीत मुलं ओकतात ती याच जातीच्या डोलण्यामुळे.

म्हणजे गाडी नुसती मऊ केली तर एका दुखण्यातून निघून दुसऱ्यात पडायचं. वेगवान गाडीला तर मऊपणा परवडतही नाही. वळणावर ती कलंडेल, ब्रेक मारला की नाक जमिनीला टेकवेल.

हा गुंता पहिल्यांदा नीट सोडवला मॉरिस ऑली या ब्रिटिश अभियंत्याने. रोल्स-रॉइसमधून १९३० साली तो अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये गेला आणि तिथे त्याने एका गाडीवर इकडून तिकडे सरकवता येतील अशी वजनं लादून प्रयोग मांडले. त्याच्या ध्यानात आलेली गोष्ट कागदावर अगदी साधी दिसते. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला थोड्या वेळाने. ताशी ८० किलोमीटर वेगात आणि अडीच मीटर चाकांतरात हा उशीर सेकंदाच्या नवव्या भागाएवढा असतो. पुढची बाजू आधी झुलायला लागते, मागची नंतर. दोन्ही सारख्या वेगाने झुलल्या तर गाडी घोड्यासारखी मागेपुढे उडत राहते. मागची बाजू थोडी जास्त चपळ ठेवली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी सपाट वर-खाली होऊन शांत होते. म्हणून पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा थोडी मऊ हवी. आपल्याकडे ‘मागून गाडी बसते’ म्हणून मागच्या स्प्रिंगा बदलणारे किंवा पुढून खाली करण्यासाठी पुढच्या कापणारे हेच नातं मोडतात, आणि मग ‘उडतेय, उडतेय’ म्हणत शॉकअपला शिव्या देतात.

आता त्या शॉकअपकडे. गाडीचं वजन पेलण्याचं काम स्प्रिंगचं. शॉकअपचं काम हालचाल मारण्याचं. आत तेल आहे, पिस्टन वर-खाली होतो आणि तेलाला पिस्टनमधल्या वाटांतून जावं लागतं. वाट फक्त एक बारीक भोक असेल तर पिस्टनचा वेग दुप्पट झाल्यावर अडथळा चौपट होतो. अशा शॉकअपची गाडी सावकाश वळणावर ढिली वाटते आणि खड्ड्यात दगडासारखी. म्हणून भोकावर चकत्यांची चळत ठेवतात. हळू हालचालीत तेल बारीक वाटेने जातं. खड्ड्याने पिस्टन जोरात ढकलला की दाबाने चकत्या वाकतात, मोठी वाट उघडते आणि धक्का वर अंगापर्यंत पोचत नाही. गाडी वळणावर कलते तेव्हा पिस्टनचा वेग सेकंदाला काही सेंटीमीटर असतो, खड्ड्यात तो त्याच्या दहापट आणि वर जातो. या दोन वेगांना दोन वेगळी उत्तरं देणं म्हणजेच चांगला शॉकअप. बाहेरून तुम्हाला त्याचा रंग दिसतो, बिल्ला दिसतो. आराम आहे तो त्या ०.१५ आणि ०.२० मिलिमीटरच्या फरकात.

दुसरी मेख अशी की शॉकअप दाबला जाताना कमी अडवतो आणि सुटताना जास्त, दुप्पट-तिप्पटही. हे बरोबरच आहे, नाहीतर दबलेली स्प्रिंग गाडीला उडवेल. पण सुटतानाचा अडथळा गरजेपेक्षा जास्त असला तर एका उंचवट्यानंतर चाक परत खाली यायच्या आत दुसरा उंचवटा येतो, मग तिसरा. दर खेपेला गाडी थोडी खाली दबत जाते आणि शेवटी रबरी थांब्यावर आपटते. टोलनाक्याआधी रस्त्यावर ओळीने जे पट्टे मारलेले असतात ना, ते या दोषाची उत्तम परीक्षा घेतात. पहिले दोन पट्टे गाडी सोसते, सहाव्याला दात वाजतात. आमच्या परिचितांच्या मातोश्रींना दुधाचा टेम्पो आठवला तो नेमका इथे.

बेळगावच्या माणसाला हे सांगताना मला उगाच अभिमान वाटतो, कारण तेलाला वाट करून देणं आणि ती मायक्रॉनमध्ये मोजणं हा या गावाचा धंदा आहे. सुरेश हुंद्रे यांच्या पॉलिहायड्रॉनने बेळगावचं नाव हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बाजारात पोचवलं. हुंद्रे स्वतः सचोटीने धंदा करता येतो हे जाहीरपणे सांगण्यासाठी जास्त ओळखले गेले, तो वेगळ्या लेखाचा विषय. उद्यमबागेतल्या सर्व्हो कंट्रोल्ससारख्या कंपन्या त्याच वाटेने विमानांच्या भागांपर्यंत गेल्या. कॅनडाच्या मल्टिमॅटिक कंपनीने शर्यतीच्या गाड्यांसाठी चकत्यांऐवजी स्पूल व्हॉल्व्हचे शॉकअप केले आणि २०१४ च्या शेव्हरोले कॅमॅरो झेड/२८ मध्ये ते रस्त्यावर आणले, तेव्हा गाड्यांच्या जगात मोठा गाजावाजा झाला. पोलादाच्या नळीत सरकणारा तो स्पूल, त्यावरचे ते कोरलेले खिडकीचे आकार! आमच्या गल्लीत लेथ चालवणारा पोरगा ते चित्र पाहून म्हणेल, हे तर आपण रोज करतो. करतो खरा, पण गाडीसाठी कोणी करून मागितलेलं नाही. देशात शॉकअप म्हटलं की १९६१ साली मुंबईत मुलुंडला सुरू झालेली गॅब्रिएल आठवते. तिचा मुख्य बाजार रोजच्या गाड्यांचा. जुन्या स्पोर्ट्स कारचा शॉकअप उघडून, तेल बदलून, चकत्यांची चळत आपल्या रस्त्याला जुळवून देणारं दुकान मला पुणे-बंगळूर महामार्गाच्या आपल्या पट्ट्यात दिसलेलं नाही. ज्या गावात हत्यारं, माप आणि हात तिन्ही आहेत, त्या गावात हे व्हायला हरकत नसावी. १९७९ पासून उद्यमबागेतच असलेल्या गोगटे इन्स्टिट्यूटच्या मुलांना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो.

श्रीमंत कंपन्यांनी या प्रश्नावर विजेचा उतारा काढला. अमेरिकेत २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये आणि लगेच कॉर्व्हेटमध्ये असे शॉकअप आले की ज्यांच्या तेलात लोखंडाची बारीक पूड कालवलेली असते. पिस्टनमधल्या कॉइलमध्ये वीज सोडली की पूड ओळीने उभी राहते आणि तेल काही हजारांश सेकंदात दाट होतं. मॅक्लारेनने २०११ च्या १२सी या गाडीत आणखी पुढची उडी मारली. गाडी वळणावर कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा जो पिळाचा दांडा असतो, तोच काढून टाकला आणि चारही शॉकअप तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडले. तो दांडा आरामाचा छुपा शत्रू आहे. एकच चाक खड्ड्यात गेलं तरी तो दुसऱ्या बाजूला ओढून घेतो आणि डोकं डावी-उजवीकडे हिसकतं. तो काढल्यामुळे साडेपाचशेहून अधिक अश्वशक्तीची ती गाडी मोठ्या सेडानसारखी चालते, असं तेव्हाच्या परीक्षकांनी लिहून ठेवलं. फेरारीच्या पुरोसांग्वेत तर शॉकअपवरच विजेची मोटर बसवली आहे. ही सगळी कारागिरी थोर आहे, पण वॉरंटी संपलेल्या गाडीत तिच्यातला एक शॉकअप गेला की लाखांत बिल येतं. जुन्या गाडीला बाहेरून ती जोडताही येत नाही. आपल्या कामाचं उत्तर इथे नाही.

ते मला होंडाच्या एनएसएक्समध्ये जास्त सापडतं. १९९० साली बाजारात आलेली ही गाडी अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची. इंजिन मध्ये, चालकाला पुढचं सगळं लख्ख दिसेल अशी काच, एसी आणि क्लच घरच्या गाडीसारखे. विकासाच्या काळात आयर्टन सेनाने ती सुझुकाच्या ट्रॅकवर चालवली आणि सांगाडा आणखी ताठ हवा असं सुचवलं. होंडाने तो ताठ केला. वाचकाला वाटेल, ताठ सांगाडा म्हणजे जास्त हादरे. उलट आहे. सांगाडा लवचीक असला तर तोच एक बेभरवशाची स्प्रिंग होतो आणि खऱ्या स्प्रिंगा कडक कराव्या लागतात. सांगाडा ताठ असेल तर स्प्रिंगांना मऊ राहण्याची मुभा मिळते. मॅक्लारेन एफ१ चा कर्ता गॉर्डन मरे याने आरामाच्या बाबतीत आपण या होंडाकडे पाहूनच मोजमाप घेतलं, असं पुढे लिहिलं. फेरारी, पोर्शेकडे नव्हे, होंडाकडे!

वजनाचंही तसंच. २०१७ ची अल्पीन ए११० अकराशे किलोच्या आसपासची. गाडी हलकी म्हणून स्प्रिंगा मऊ, स्प्रिंगा मऊ म्हणून गाडी खड्ड्यातून वाहत जाते, आणि तरी वळणावर मागे हटत नाही. लोटसच्या कॉलिन चॅपमनचा पंथ हाच होता: स्प्रिंग मऊ, शॉकअप खंबीर, गाडी हलकी. आजच्या दोन टनी ‘स्पोर्ट’ गाड्यांना हे सुख नाही. त्यांनी आधी वजन वाढवलं, मग ते आवरायला स्प्रिंगा कडक केल्या, मग वीस-एकवीस इंची चाकं घातली, आणि शेवटी आरामासाठी आठ मोटर्सची खुर्ची दिली.

चाकांचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबतो, कारण आपल्या हातात जे आहे त्यातलं निम्मं इथेच आहे. टायरवर २४५/३५ आर १९ असं लिहिलेलं असतं. २४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ३५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे ते. म्हणजे भिंत ८६ मिलिमीटर. त्याच गाडीला २४५/४० आर १८ बसवला तर भिंत ९८ मिलिमीटर होते आणि चाकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, स्पीडोमीटर फसत नाही. बारा मिलिमीटर रबर आणि हवा जास्त मिळाली, शिवाय एक इंच लहान रिम हलकी. स्प्रिंगच्या खालचं प्रत्येक किलो, म्हणजे चाक, टायर, ब्रेकची चकती, खड्ड्यातून उसळताना वरच्या किलोपेक्षा जास्त त्रास देतं. कारण त्याला आवरायला शॉकअपशिवाय कोणी नाही. आपल्याकडे हौस नेमकी उलट दिशेने जाते. नवी गाडी घेतली की आधी मोठी रिम. ती दिसते छान, हे मान्य.

टायरचं वय हे दुसरं. भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. जुन्या बाजारातल्या हौशी गाड्या कमी पळलेल्या असतात, म्हणून नक्षी शाबूत, पण रबर सहा-सात वर्षांचं आणि लाकूड झालेलं. परिचितांच्या गाडीवर २०१७ सालचे टायर निघाले. ‘टायर नव्यासारखे आहेत हो,’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, आणि दिसायला ते होतेही.

तिसरं हवेचं. युरोपात बनलेल्या वेगवान गाड्यांच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणात जी पट्टी असते, तिच्यावर बहुधा दोन आकडे असतात: एक दोन माणसांसाठी, एक पूर्ण भारासाठी आणि मोठ्या वेगासाठी. काही गाड्यांवर आरामासाठी तिसरा, आणखी कमी आकडाही असतो. पंपावरचा मुलगा यातलं काही पाहत नाही, तो ‘पस्तीस टाकू?’ विचारतो आणि आपण हो म्हणतो. उन्हात तासभर पळून तापलेल्या टायरमध्ये मोजलेली हवा तर धड खरीही नसते. नायट्रोजनने आराम वाढतो हा समज मात्र सोडून द्यावा. दाब तोच असेल तर कंबरेला वायूचं नाव कळत नाही.

आता गतिरोधक. खालच्या गाडीचं पोट घासणं हा आपल्याकडे आरामाहूनही मोठा धसका. नाव गतिरोधकाचं, शिवी गाडीला. पण हिशेब करून पाहिला आणि मला स्वतःलाच नवल वाटलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शनानुसार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा, ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटीमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्यासाठी. अडीच मीटर चाकांतराची गाडी त्याच्या माथ्यावर आली की तिची चारही चाकं कमानीवरच असतात. दोन चाकांच्या मध्ये कमान किती वर येते? जेमतेम साडेचार सेंटीमीटर. म्हणजे बारा सेंटीमीटर पोट असलेली कोणतीही स्पोर्ट्स कार नियमाचा गतिरोधक हसत ओलांडेल, आणि पंचवीसच्या वेगाने कंबरेलाही फार कळणार नाही. पोट घासतं ते गल्लीत कोणीतरी रात्रीतून ओतलेल्या, हातभर रुंद आणि वीतभर उंच काँक्रीटच्या बांधावर. तो बांध पूर्ण उंचीने दोन चाकांच्या मध्ये येतो आणि गाडी त्यावर होडीसारखी टेकते. पोर्शेच्या नव्या ९११ मध्ये पुढचं नाक तेलाच्या दाबाने चारेक सेंटीमीटर उचलण्याची सोय मिळते, आणि कुठे उचललं ते गाडी नकाशावर लक्षात ठेवून पुढच्या वेळी आपणहून उचलते. आपल्या एखाद्या उपनगरात तिला सगळाच नकाशा पाठ करावा लागेल.

पोट वाचवण्यासाठी आपल्याकडे जे उपाय होतात त्यांनी कंबरेचा जीव जातो. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे बफर ठोकणं हा त्यातला लाडका. गाडी दोन सेंटीमीटर वर येते हे खरं, पण बफर ज्या वेढ्यांना धरून ठेवतो ते वेढे कामातून जातात. जितके वेढे कमी तितकी स्प्रिंग कडक. उलट बाजूची हौस म्हणजे गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंग कापणं. सहा चालत्या वेढ्यांतला एक कापला की कडकपणा वीस टक्क्यांनी वाढतो, शिवाय चाकाला हलायला जागा उरत नाही. परिचितांच्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा आधीच्या कोणीतरी ग्राइंडरने कापलेल्या निघाल्या, टोक तसंच खरखरीत. ऑलीचं नातं तिथेच मोडलेलं होतं. यात कायद्याचीही बाब आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींचा रोख स्पष्ट आहे: निर्मात्याने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही. केए-२२ आणि एमएच-०९ मधल्या सीमेवर दोन्हीकडच्या आरटीओंचे डोळे आधीच लागलेले असतात, त्यात हे कशाला. टायर-रिम बदलायची तर निर्मात्याने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापातच बदलावी.

क्लच, गिअर, आवाज, खुर्ची यांवर थोडक्यात. जड क्लच हा बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या संध्याकाळच्या गर्दीत गुडघ्याचा काळ असतो. बदली क्लच घेताना शर्यतीचा घेऊ नये, एवढंच. दोन क्लचांचे स्वयंचलित गिअरबॉक्स आले आणि हे दुखणं संपलं, पण त्यातले तेलात न बुडलेले कोरडे क्लच रांगत्या रहदारीत तापतात. म्हणून मुंगीच्या चालीने पुढे सरकत राहू नये, जागा झाली की एकदाच पुढे जावं. मोठा सायलेन्सर लावून काढलेला आवाज दहा मिनिटं छान वाटतो. महामार्गावर एका ठरावीक वेगाला तो डोक्यात घुमायला लागतो आणि निपाणी येईपर्यंत माणूस गाडीपेक्षा आवाजाने थकतो. खुर्चीच्या बाबतीत सगळे तिच्या मऊपणाकडे पाहतात. पाहायचं ते मांडीला शेवटपर्यंत आधार आहे का आणि कमरेच्या खोलगट जागी पाठ टेकते का. कडक खुर्चीत माणूस पाच तास बसतो, चुकीच्या कोनातल्या मऊ खुर्चीत तवंदी घाट यायच्या आत चुळबुळ सुरू होते.

आणि बुश. रबराचे हे छोटे ठोकळे सस्पेन्शनच्या प्रत्येक सांध्यात असतात. दहा वर्षांच्या गाडीत ते तडकलेले असतात, आणि मग प्रत्येक खड्ड्याला ‘खट्’ असा आवाज थेट सांगाड्यात जातो. नव्या बुशऐवजी पॉलियुरेथेनचे कडक बुश घालण्याची शर्यतवाल्यांची रीत आहे. स्टिअरिंग धारदार होतं, पण रोजच्या गाडीत रस्त्याचा कणन्‌कण हातात येतो. मूळ रबराचेच घालावेत.

परिचितांच्या गाडीचं काय झालं ते सांगतो. क्रम असा लावला: टायरची हवा, मग टायर, मग बुश आणि अलाइनमेंट, मग मूळ स्प्रिंगा परत, आणि सर्वांत शेवटी शॉकअप. चार नवे टायर आणि निर्मात्याच्या यादीतलीच अठरा इंची रिम आली तेव्हाच निम्मा फरक पडला होता. स्प्रिंगा जर्मनीहून यायला दीड महिना लागला. शॉकअप उघडला तेव्हा चकत्या ठीक होत्या, तेल मात्र काळं आणि पातळ. गाडी सेडान झालेली नाही, आणि व्हायलाही नको. वळणावर ती अजून रस्ता धरून ठेवते, वंटमुरीच्या उतारावर अजून हसू फुटतं. परवा मातोश्रींना घेऊन संकेश्वरपर्यंत जाऊन आले. टोलनाक्याआधीचे पट्टे गेले आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. आमच्याकडे याला पसंती म्हणतात.

माझा निवाडा एवढाच की आपल्याकडे वेगवान गाडी त्रासदायक असते ती क्वचितच मुळात तशी बांधल्यामुळे. बहुतेक वेळा ती मूळ बांधणीपासून दूर नेल्यामुळे किंवा तिची देखभाल थांबल्यामुळे तशी होते. म्हणून ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांनी काही विकत घेण्याआधी उद्या सकाळी, गाडी न हलवता, टायर थंड असताना एक शंभर-दोनशे रुपयांचं गेज लावून चारही चाकांची हवा मोजावी, आणि दाराच्या चौकटीवरच्या पट्टीतला दोन माणसांसाठीचा आकडा पाहून तेवढीच ठेवावी.